पुण्यातल्या परसबागेत मटार: पेरणीची तारीख आणि बाकीचं सगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कर्वेनगरला घरामागे दहा बाय चार फुटांचा वाफा आणि गच्चीत काही कुंड्या आहेत. संक्रांतीच्या सुमारास किराणा दुकानातले हिरवे वाटाणे भिजवून पेरलेत, उगवण छान झाली. दर पंधरा दिवसांनी शेणखताचं पाणी आणि जोडीला थोडा युरिया दिलात. वेल कमरेच्या वर गेले, फेब्रुवारी संपता संपता फुलं आली आणि बहुतेक गळून पडली. ज्या थोड्या शेंगा धरल्या त्यांतले दाणे पिठूळ निघाले, आणि आता पानांवर पांढरी भुकटी आली आहे. तुम्ही विचारलंय की पोटॅश द्यावं की एखादं टॉनिक फवारावं, आणि हाताने परागीभवन केलं तर उपयोग होईल का.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. मटाराचं फूल उमलण्याच्या आधीच, कळीत असतानाच, स्वतःचं परागीभवन उरकतं. त्याला मधमाशी लागत नाही, ब्रशही लागत नाही. त्यामुळे फूल गळतंय म्हणजे परागीभवन राहून गेलं, असा अर्थ इथे लावू नका. भोपळा-काकडीचा नियम मटाराला लागू नाही. पोटॅश किंवा टॉनिकनेही ही फुलगळ थांबली नसती. तुमची फुलं उन्हाने गळली, आणि ती उन्हात सापडली कारण पेरणी अडीच महिने उशिरा झाली.

मटार हे थंडीचं पीक आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुण्यात ती थंडी किती दिवसांची असते याचा हिशोब कोणी मांडत नाही. मटाराला दिवसा पंचवीसच्या आत आणि रात्री दहा ते पंधरा अंश असं हवामान मनापासून आवडतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतही दुपारचा पारा 29-30 अंशांपर्यंत जातो. म्हणजे आपल्याकडची दुपार मटाराला कायमच थोडी जड जाते, आणि पीक तगतं ते 11-12 अंशांवर उतरणाऱ्या रात्रींच्या जोरावर. रात्री गार असल्या तर झाड दिवसाचा ताण भरून काढतं. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपार 33-34 वर जाते, रात्रीही कोमट व्हायला लागतात, आणि मग फूल टिकत नाही. टिकलंच तर शेंग आखूड राहते आणि दाणे दोन-तीनच भरतात.

म्हणून तारीख ठरवायची ती उलटीकडून. फुलं आणि दाणे भरण्याचा काळ डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत यायला हवा. लवकर येणाऱ्या जातींना पेरणीपासून फुलापर्यंत पस्तीस-चाळीस दिवस लागतात आणि पहिला तोडा साधारण दोन महिन्यांत येतो. यावरून पुण्यासाठी पेरणीचा काळ निघतो तो 20 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर. त्याआधी पेरू नका. परतीचा पाऊस रेंगाळला की ओल्या, गरम मातीत बी कुजतं आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात रोपं लांबुडकी, अशक्त होतात. वाफ्याचे दोन भाग करून एक 20 ऑक्टोबरच्या आसपास आणि दुसरा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरा, म्हणजे सगळा मटार एकाच आठवड्यात अंगावर येत नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा ही अगदी शेवटची संधी, तीही मिळेल ते पदरात पाडून घ्यायच्या तयारीने. जानेवारीत पेरलेला मटार पुण्यात कितीही लाड केले तरी साधत नाही.

शहराच्या आतही फरक पडतो. पाषाण, शिवाजीनगर, एनडीएचा परिसर इथे रात्री चांगल्या उतरतात. मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कमध्ये त्याच रात्री किमान तापमान कित्येकदा पाच-सहा अंशांनी जास्त नोंदलं जातं. दाट वस्तीत राहणाऱ्यांनी नोव्हेंबरच्या मध्यावर पेरणी संपवलेलीच बरी. गच्चीच्या बाबतीत मुख्य त्रास स्लॅबचा. तो दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत कुंडीला खालून शेक देत राहतो. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, सकाळचं ऊन मिळेल अशा पूर्वेकडच्या बाजूला. जानेवारीच्या मध्यानंतर दुपारी बारा ते चार हलकी शेडनेट धरलीत तर एखादा तोडा वाढतो.

तुम्हाला कोणीतरी सांगेलच की सासवडकडे तर पावसाळ्यात वाटाणा होतो, मग आपण का थांबायचं. ते खरं आहे. पुरंदर तालुक्यातला खरिपाचा वाटाणा जून-जुलैत पेरला जातो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात बाजारात येतो. पुण्यातसुद्धा जुलै-ऑगस्टची दुपार ऑक्टोबरपेक्षा गारच असते, 27-28 अंशांची. पण पुरंदरचा बराच भाग पर्जन्यछायेतला आहे. तिथे ढगाळ गारवा मिळतो आणि पाऊस बेताचा पडतो, जमीन उताराची असल्याने पाणी साचत नाही. कर्वेनगर-वारजे-बावधन पट्ट्यात सलग झड लागते तेव्हा मटाराची मुळं गुदमरतात. उंच वाफा आणि वर पारदर्शक छत असेल तर हौस म्हणून करून बघा, भरवसा मात्र हिवाळ्यावरच ठेवा.

आता बियाणं. किराणा दुकानातला वाटाणा, पांढरा असो की हिरवा, गोल आणि गुळगुळीत असतो. तो डाळ-उसळीसाठी वाळवून खायच्या जातींचा, त्यातला बराचसा परदेशातून आयात झालेला. उगवतो छान, वेलही जोमदार होतो, पण त्याच्या हिरव्या दाण्यात साखर कमी आणि पिष्ट जास्त. तुमचे दाणे पिठूळ लागले त्याचं निम्मं कारण हे. सोलून खायच्या गोड मटाराचं बी सुरकुतलेलं असतं. ग्रेगोर मेंडेलने आपल्या प्रयोगांत हाच गोल आणि सुरकुतलेल्या बियांचा फरक वापरला होता. तो निबंध 1866 साली छापला गेला. सुरकुती कशामुळे पडते हे पुढे 1990 मध्ये उलगडलं. साखरेपासून पिष्ट बनवताना कामी येणारं एक विकर (एन्झाइम) या जातींत बिघडलेलं असतं. त्यामुळे दाण्यात साखर साठून राहते, साखरेपाठोपाठ पाणी जास्त ओढलं जातं, दाणा टपोरा फुगतो आणि वाळताना आकसून सुरकुततो. म्हणून पाकिटातलं बी आकसलेलं दिसलं तर ते जुनं किंवा खराब आहे असं समजून परत करू नका. एवढंच, की या गोडव्याची किंमत मोजावी लागते: भिजल्यावर अशा बियांतून साखर बाहेर झिरपते आणि मातीतल्या बुरश्या तिच्यावर येतात. गोड मटार ओल्या मातीत जास्त कुजतो तो यामुळे.

जातींमध्ये घरासाठी मी डोळे झाकून आर्केल सांगतो. झाड गुडघ्याएवढं, लवकर येणारं, शेंग थोडी वाकलेली, दाणा गोड. आपली थंडी आखूड असल्याने लवकर येणं हाच तिचा मोठा गुण. जीएस-10 शेतकऱ्यांमध्ये आवडती आहे, शेंग लांब आणि भरलेली, पण थोडी जास्त मुदत घेते. बोनव्हिला चवीला उत्तम, मात्र तिला आणखी दिवस लागतात, तेव्हा ती ऑक्टोबरातच पेरायला हवी. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची अर्का अजित ही जात भुरी (पानांवरची ती पांढरी भुकटी) आणि तांबेरा या दोन्ही बुरशीजन्य रोगांना दाद देत नाही. दरवर्षी भुरीने हैराण होणाऱ्यांनी ती लावावी, तीही ऑक्टोबरातच. मार्केट यार्डाजवळच्या बियाणांच्या दुकानांत सुटं किंवा छोट्या पाकिटात बी मिळतं. ते गुलाबी किंवा निळसर दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका, आणि उरलेलं बी चुकूनही स्वयंपाकघरात नेऊ नका.

खताकडे येतो, कारण तुमच्या वेलींच्या उंचीचं कोडं तिथे आहे. मटार हवेतला नत्र (नायट्रोजन) मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंकडून मिळवतो. मातीत आयता युरिया मिळाला की तो गाठी बांधायचं सोडून देतो, पानं आणि उंची वाढवत बसतो आणि फूल लांबवतो. आधीच उशीर, त्यात हा लांबलेला काळ. त्याऐवजी बियाला रायझोबियम, म्हणजे गाठींतल्या याच जिवाणूंचं खत, चोळा. पण कुठलंही नाही. मटाराच्या गाठींतला जिवाणू मसूर आणि बाकल्याच्या कुळाला चालतो. मूग, चवळी, हरभरा यांचे जिवाणू वेगळे. गच्चीतल्या विकतच्या मातीत किंवा कोकोपीटमध्ये मटाराचा जिवाणू असण्याची शक्यता फारच कमी. पाकिटावर ‘वाटाणा’ असं पिकाचं नाव बघून घ्या. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जैविक नत्र स्थिरीकरण योजनेत अशी पीकनिहाय जिवाणू खतं तयार होतात. चमचाभर गुळाच्या गार पाण्यात थोडं जिवाणू खत कालवायचं, बियांना हलक्या हाताने माखायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. महिन्याभराने एखादं रोप मुळासकट काढून गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी रंग असेल तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाहीत, आणि अशा वेळी मात्र शेणखताचं पातळ पाणी द्यायला हरकत नाही.

मातीत पेरणीआधी चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा, चौरस मीटरला 35 ते 40 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत) द्या, आणि थांबा. अनेक जण हाडांचा चुरा घालतात, पण आपल्याकडची माती आणि बोअरचं पाणी दोन्ही बहुधा अल्कधर्मी असल्याने त्यातला स्फुरद फारसा विरघळत नाही. चुलीची किंवा होमाची राखही सढळ हाताने नको. त्याच कारणाने कोवळी पानं पिवळी पडायला लागतात.

आता एक गोष्ट जी सांगायला कोणी धजत नाही, आणि जिच्यामुळे घरच्या मटाराबद्दल लोक निराश होतात. पाच-सात झाडांतून काहीही होत नाही. दाट लावलेल्या आर्केलच्या झाडाला चांगल्या भरलेल्या पाच-सहा शेंगा मिळाल्या तरी समाधान मानावं. किलोभर शेंगांसाठी चाळीसेक झाडं धरा, आणि एक किलो शेंगा सोलल्या की दाणे साडेचारशे-पाचशे ग्रॅम. तुमच्या वाफ्यात फूटभर अंतराच्या चार ओळी बसतात. ओळीत दोन बियांमध्ये सहा सेंटीमीटर ठेवलंत तर दोनशेच्या आसपास झाडं होतात. त्यातून सगळे तोडे मिळून चार-पाच किलो शेंगा, म्हणजे दोन किलोंच्या वर दाणे. चौघांच्या घराला काही वेळा उसळ, एकदा मटार भात आणि एकदा करंज्या. त्यासाठी बी लागेल पन्नास-साठ ग्रॅम. गच्चीत बारा इंची कुंडीत सहा ते आठ झाडं लावा, दोन नकोत. मटार दाटीत एकमेकांच्या आधाराने सुखाने वाढतो.

पेरणी जागेवरच करा. ट्रेमध्ये रोपं करून हलवली की मुळं दुखावतात आणि आठवडाभर झाड तिथेच अडतं, जे आपल्याला परवडत नाही. बी भिजवायचं तर सहा ते आठ तास, रात्रभरापेक्षा जास्त कधीच नाही. पाण्याखाली बियांना हवा मिळत नाही. बुरशीनाशक चोळलेलं बी भिजवू नका, तसंच पेरा. आदल्या दिवशी वाफ्याला पाणी देऊन, वाफसा आल्यावर (माती ओलसर पण चिकट नाही अशी झाल्यावर) तीन ते चार सेंटीमीटर खोल बी टाका, माती हाताने दाबा, आणि उगवेपर्यंत पुन्हा भरपूर पाणी देऊ नका. उगवणीच्या वेळी चिमण्या, बुलबुल आणि पोपट कोवळे कोंब खुडतात. रोपं चार बोटं होईपर्यंत वरून जाळी टाकून ठेवा. घूस-उंदरांचा वावर असेल तर तीच जाळी कडेने मातीत दाबून घ्या.

आधार लवकर द्या, रोपं वीतभर होण्याच्या आत. मटाराचे तणावे नाजूक असतात, त्यांना बांबूचा जाड खांब पकडता येत नाही. छाटलेल्या जास्वंदीच्या, मेंदीच्या काटक्या, तुरीच्या वाळलेल्या काड्या ओळीत खोचल्या की झालं. आर्केलला दोन फुटांच्या काटक्या पुरतात.

पाण्याचा नियम असा: फूल येईपर्यंत बेताने, फूल लागल्यापासून दाणे भरेपर्यंत एकदाही चुकवू नका. त्या तीन-चार आठवड्यांत कुंडी एकदा जरी पूर्ण सुकली तरी फूल गळतं, आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो. वाफ्यावर पालापाचोळा किंवा रसवंतीतलं उसाचं चिपाड पसरून ठेवलंत तर ओल टिकते आणि मुळं गार राहतात. पुण्यात मटारासाठी आच्छादन मी खतापेक्षा महत्त्वाचं मानतो.

पांढरी भुकटी म्हणजे भुरी. कोरडी हवा, उबदार दिवस, गार रात्री असं जानेवारीअखेरचं पुणेरी हवामान तिला फार मानवतं, त्यामुळे उशिराच्या पिकावर ती हमखास येते. वेळेवर पेरलेला मटार भुरी जोर धरायच्या आत बराचसा तोडून होतो. पहिले ठिपके खालच्या पानांवर दिसले की ती पानं काढून टाका आणि पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारा. दुपारी तीसच्या वर पारा असताना गंधक फवारलं तर पानं करपतात. नीम तेल मारलं असेल तर पुढचे दोन आठवडे गंधक नको. आता तुमच्याकडे पूर्ण वेलच पांढरे झालेत, तिथे फवारणीत पैसे घालवू नका.

बाकी त्रास छोटे. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा दिसतात ती नागअळी; पानं खुडून टाकली तर आटोक्यात राहते. शेंड्यावर मावा जमला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. शेंगेला बारीक गोल छिद्र दिसलं तर आत अळी आहे, ती शेंग झाडावर ठेवू नका.

आणि तोडणी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. फूल लागल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी शेंग भरते. चिमटीत धरल्यावर दाणे गोल लागले पाहिजेत, पण शेंगेचा हिरवा रंग अजून चकचकीत हवा. रंग मंदावला आणि सालावर जाळीदार रेषा उमटल्या की दाण्यातली साखर पिष्टात गेलेली असते. खालच्या शेंगा आधी तयार होतात. दर दोन-तीन दिवसांनी फिरून तोडा, कारण जून शेंगा वेलीवर राहिल्या की झाड नवी फुलं थांबवतं. एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने शेंग खुडा, नुसती ओढलीत तर अख्खा वेल हातात येईल. तोडा सकाळी करा आणि शक्यतो त्याच दिवशी सोला, कारण खुडल्यापासून साखर कमी व्हायला लागते, उबेत तर काही तासांत चव उतरते. हिवाळ्यात मार्केट यार्डात येणारा बराचसा मटार मध्य प्रदेशासारख्या दूरच्या राज्यांतून ट्रकने येतो. तो वाईट नसतो, पण तोडल्याला दिवस उलटलेला असतो. घरचा मटार सोलता सोलता कच्चाच संपतो, आणि लहान मुलं शेजारी बसली तर भांड्यात किती पडेल याची खात्री नसते. एवढ्या मेहनतीनंतर मिळणारी ती चव विकत कुठेच मिळत नाही, म्हणूनच मी लोकांना मटार लावा म्हणून मागे लागतो.

आता मार्च सुरू झालाय, तेव्हा तुमचे वेल जमिनीलगत कापून टाका. मुळं उपटू नका, मातीतच कुजू द्या. त्या जागी भेंडी किंवा काकडी लावा. चवळी-गवार नको, कारण मूळकुजीच्या काही बुरश्या शेंगवर्गीय पिकांत सामाईक असतात. पुढच्या मोसमात मटार या वाफ्यात न घेता दुसऱ्या कोपऱ्यात घ्या, आणि कुंड्यांमध्ये माती बदला. बी सप्टेंबरअखेर आणा, पाकिटावरची तारीख बघा, आणि दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात आठ-नऊ बियांना मोड आले तर ठरलेल्या अंतरावर पेरा, सहा-सातांनाच आले तर थोडं दाट पेरा, आणि त्याहून कमी बियांना आले तर दुसरं पाकीट आणा. 20 ऑक्टोबरच्या पेरणीला तेव्हा वेळ असतो.